नर्सच्या अंगी काय असावं आणि ते कसं आणावं

नर्स व्हायचं तर संयम हवा, माया हवी, असं घरीदारी सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. पण रात्री तीन वाजता भरलेल्या वॉर्डात, दोन सिस्टर आणि एक मावशी एवढंच मनुष्यबळ असताना ही माया नेमकी कोणत्या कामातून दिसते, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. श्वास पूर्ण मिनिटभर मोजण्यातून ती दिसते. इन्सुलिनची सिरिंज टोचण्याआधी पुन्हा एकदा उजेडात धरून बघण्यातून दिसते. म्हाताऱ्या बाईला कुशीवर वळवताना टाचेखालची लाल झालेली जागा ध्यानात येण्यातून दिसते. हे सगळं शिकता येतं आणि सरावाने अंगवळणी पडतं. जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) तीन वर्षांत किंवा बीएस्सी नर्सिंगच्या चार वर्षांत, किंवा नव्याने ड्यूटीवर लागल्यावर, ते कसं अंगवळणी पाडायचं ते इथे दिलं आहे.

नागपुरात ही तयारी जरा जास्तच लागते. मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं असोत किंवा मिहानमधलं एम्स, कुठेही पोस्टिंग असो, रुग्ण फक्त शहरातले नसतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, एवढ्या लांबून ते येतात. बरेचजण आधी दोन ठिकाणी थांबून, पाच-सहा तासांचा प्रवास करून आलेले असतात. म्हणजे तुमच्यासमोर येतो तेव्हा रुग्णाकडचा वेळ आधीच खर्च झालेला असतो.

नजर

सगळ्यात आधी नजर कमवायची. खाटेजवळ गेल्यावर लगेच हात लावू नका. पायथ्याशी दहा सेकंद उभं राहून बघा: रुग्ण कसा पडला आहे, श्वास घेताना मानेचे स्नायू ओढले जातात का, ओठांचा रंग काय, घाम आहे का, तुम्ही आल्याचं त्याला कळलं का. मग सलाइनची बाटली, युरोबॅग (लघवीची पिशवी), ड्रेन (आतला स्राव बाहेर काढणारी नळी). रोज प्रत्येक खाटेपाशी हे केलं की दोन-तीन महिन्यांत काहीतरी बिघडतंय हे आकडे बदलायच्या आधी जाणवायला लागतं. अनुभवी सिस्टरला "आधीच कसं कळलं?" असं विचारतात, त्याचं उत्तर या दहा सेकंदांत आहे.

आकड्यांमध्ये सर्वात दुर्लक्षित आकडा श्वासाचा. कुठलाही टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) उघडा, ओळीने १८, २०, १८, २० लिहिलेलं सापडेल. मोजलेला आकडा इतका सरळ येत नाही. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. मनगट नाडी बघतो तसं धरून ठेवायचं आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजायचं. श्वास मोजतोय असं सांगितलं की रुग्ण नकळत तो बदलतो, म्हणून सांगायचं नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार होते. २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी आला तर तिथूनच डॉक्टरांना कळवायचं. जंतुसंसर्ग पसरत असतो किंवा आत रक्तस्राव होत असतो, तेव्हा आधी श्वास आणि नाडी वाढतात. बीपी शेवटी पडतं. बीपी चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहणं हीच मोठी चूक.

बीपी घेताना गफलती ठरलेल्या आहेत. जाड दंडाला छोटा कफ लावला तर आकडा खोटा वाढतो, बारीक दंडाला मोठा लावला तर खोटा कमी येतो. हात खाटेबाहेर लोंबत असेल तरी वाढीव येतो. दंड हृदयाच्या पातळीला हवा, कफ ब्लाउजच्या बाहीवर नको, आणि माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा. जिना चढून आलेल्याचं लगेच घेतलेलं बीपी कामाचं नाही.

पल्स ऑक्सिमीटरचं तसंच. गडद नेलपॉलिश, काळी मेंदी, गार पडलेली बोटं यांनी आकडा चुकतो, तेव्हा दुसरं बोट किंवा कानाची पाळी बघा. आणखी एक गोष्ट विदर्भात विसरून चालत नाही. हिमोग्लोबिन ५ असलेल्या सिकलसेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलीचं एसपीओटूही, म्हणजे यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडाही, ९८ दिसू शकतं. यंत्र फक्त असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेलं आहे ते सांगतं, हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून फिकटपणा बघायला यंत्र लागत नाही.

लघवीचा हिशोब हाही नजरेचाच भाग. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिली तरी लघवी व्हायला हवी, म्हणजे ६० किलोला ३० मिली. इथे नेहमी होणारी चूक अशी की सकाळच्या पाळीने युरोबॅग रिकामी केलेली नसते आणि संध्याकाळची सिस्टर सगळा आकडा आपल्या पाळीत लिहिते. कागदावर लघवी भरपूर दिसते आणि किडनी बंद पडत चाललेली कोणाला कळत नाही. पाळी बदलताना बॅग रिकामी करूनच ताब्यात घ्यायची.

हिशोब

औषधाचं गणित ज्याला जमत नाही त्याने लाजू नये, पण अंदाजाने पुढेही जाऊ नये. पहिलं गणित थेंबांचं. एकूण मिली गुणिले सेटचे थेंब, भागिले एकूण मिनिटं. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं आहे आणि सेट २० थेंबांना एक मिलीवाला आहे, तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. भागिले २४० मिनिटं. मिनिटाला सुमारे ४२ थेंब. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, त्यात हेच १२५ येतात. किती थेंबांचा सेट आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. सेट बदलला की गणितही बदलतं. रुग्णाने हात वाकवला किंवा उठून बसला की थेंब बदलतात, म्हणून एकदा लावून निघून जायचं नाही. बाटलीवर पट्टी चिकटवून तासातासाची खूण करा.

दुसरं इन्सुलिन, आणि इथे थोडं थांबायला हवं. आपल्याकडे व्हायल ४० युनिट प्रति मिलीच्या असतात आणि १०० युनिट प्रति मिलीच्याही. सिरिंजही तशा दोन: ४० वाली लाल टोपणाची, १०० वाली केशरी टोपणाची. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढलं, तर ते पाव मिली झालं, म्हणजे प्रत्यक्षात २५ युनिट. अडीचपट. असा रुग्ण पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध सापडतो. उलटं झालं, तर १० ऐवजी ४ युनिटच जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून डोस वाढत राहतो. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचून जुळवायचे, आणि शक्य तिथे दुसऱ्या सिस्टरला दाखवायचे. जेवणाचा डबा आलाय का हेही टोचण्याआधी बघा.

तिसरं पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या अँप्युलमध्ये साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचं एकक) असतं. ते कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. हृदय जागेवर थांबतं. सलाइनमध्ये मिसळून, बाटली पाच-सहा वेळा उलटीसुलटी करून, ऑर्डरप्रमाणे सावकाश द्यायचं. न हलवता लटकवलं तर जड औषध खाली बसतं आणि सुरुवातीलाच भरमसाट जातं. या अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी कधीच ठेवू नका. वेगळा डबा, त्यावर लाल पट्टी.

औषध कोणाला द्यायचं हाही हिशोबच. "तुम्हीच सुनीताबाई का?" असं विचारलं तर गुंगीतली किंवा कमी ऐकू येणारी बाई "हाव" म्हणून मोकळी होते. "तुमचं नाव काय? पूर्ण सांगा" असं विचारा आणि केसपेपरवरच्या नोंदणी क्रमांकाशी जुळवा. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे. उन्हामुळे, पंख्यामुळे, नातेवाइकांच्या विनंतीमुळे माणसं खाटा बदलत असतात.

ऐकणं

"कसंतरीच होऊन रायलं." हे वाक्य नागपूरच्या वॉर्डात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं आणि त्याचा अर्थ गॅसपासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही असू शकतो. हसून सोडून द्यायचं नाही. कधीपासून, कुठे, हालचाल केल्यावर वाढतं का, घाम आला का, डाव्या हातात किंवा जबड्यात जातं का, असे पाच छोटे प्रश्न विचारा. मधुमेही माणसाला आणि बायकांना छातीत दुखल्याशिवायही अटॅक येतो. फक्त धाप, मळमळ, थकवा असू शकतो. केसपेपरवर रुग्णाचे शब्द आहेत तसे लिहा. "जीव घाबरा होऊन रायला" हे "अस्वस्थ" या शब्दापेक्षा डॉक्टरांना जास्त सांगतं.

दुखणं शून्य ते दहात सांगा म्हटलं की खेड्यातली आजी गोंधळते. तिला आण्यांत विचारा. सोळा आणे म्हणजे सहनच होत नाही. आता किती आणे आहे? इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने पुन्हा विचारा: किती आणे फरक पडला? हे तिला लगेच समजतं आणि तुम्हाला नोंदवायला आकडा मिळतो. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्यांसाठी बारा वर्षांच्या नातवाला दुभाषा करू नका. आईला तो सगळं विचारू शकत नाही. त्याच भागातली मावशी किंवा शेजारच्या खाटेवरची बाई शोधा, रुग्णाची परवानगी घ्या.

सिकलसेलच्या रुग्णाबाबत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. त्याचं दुखणं खोटं मानू नका. क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याचा जोराचा झटका येतो तेव्हा, सूज किंवा ताप नसूही शकतो, चेहराही कधीकधी शांत असतो, कारण लहानपणापासून हे दुखणं त्याच्या सवयीचं झालेलं असतं. "इंजेक्शनची सवय लागलीय" असं त्याच्या खाटेपाशी म्हणणं क्रूर आहे, आणि त्यापायी छातीतला संसर्ग किंवा पक्षाघाताची सुरुवात नजरेतून सुटू शकते. वेळेवर वेदनाशामक, पाणी किंवा सलाइन, अंग गरम ठेवणं, दर चार तासांनी श्वास आणि एसपीओटू. दुखऱ्या जागी बर्फ लावू नका. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं वाढतं.

रक्त चढवायचं असेल तर पिशवी आणि रुग्ण दोन सिस्टरनी मिळून जुळवायचे. ब्लड बँकेतून आणल्यापासून अर्ध्या तासात सुरू, चार तासांत संपलेलं. पहिली पंधरा मिनिटं तिथेच थांबायचं. जीवघेणी रिअ‍ॅक्शन बहुधा याच वेळात दिसते. थंडी, कंबरदुखी, छाती आवळणं, काहीही झालं की रक्त बंद, नवा सेट लावून नॉर्मल सलाइन चालू, डॉक्टरांना निरोप आणि पिशवी ब्लड बँकेत परत. रक्ताच्या लाइनमधून डेक्स्ट्रोज किंवा रिंगर लॅक्टेट देऊ नका.

बोलणं आणि विचारण्याचं धाडस

डॉक्टरांना फोन करताना "सर, पेशंट सिरियस वाटतोय, लवकर या" एवढंच म्हणू नका. फोन उचलण्याआधी केसपेपर हातात घ्या आणि असं सांगा: "मॅडम, फीमेल मेडिसिन वॉर्डातून बोलतेय. खाट १४, वय ५२, काल न्यूमोनियासाठी दाखल. दोन तासांपूर्वी श्वास २० होता, आता २८. एसपीओटू ९५ वरून ८९. पल्स १२४, बीपी १०० वर ६०. मला तब्येत ढासळतेय असं वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर ऑक्सिजन सुरू करू का?" अर्ध्या मिनिटाचं बोलणं आहे. कोण, आधी काय होतं, आता काय आहे, तुम्हाला काय वाटतं, काय हवं, सगळं त्यात आलं.

फोनवर मिळालेली ऑर्डर लिहा, वाचून दाखवा, वेळ टाका, नंतर सही घ्या. आकडे सुटे सुटे बोला. गोंगाटात एकोणपन्नास आणि एकोणसाठ सारखेच ऐकू येतात. "चार-नऊ" म्हटलं की चूक होत नाही. ऑर्डर खटकली तर "मॅडम, हा डोस नेहमीपेक्षा जास्त वाटतोय, एकदा बघता का?" असं विचारा. कोणी चिडेल, चिडू द्या. तरी उत्तर पटलं नाही तर औषध हातात तसंच ठेवून सिस्टर इन्चार्जना किंवा वरच्या डॉक्टरांना विचारा. नवख्या मुलींना हे सर्वात अवघड जातं. हॉस्टेलच्या खोलीत दोघींनी मिळून याची मोठ्याने तालीम केली, तर प्रसंगाला शब्द तोंडात तयार असतात.

नातेवाईक चिडलेला असेल तर उभ्या-उभ्या, चालता-चालता उत्तर देऊ नका. बाजूला घ्या, "काका, बसा" म्हणा, तो बोलून होईस्तोवर थांबा, मग काय केलं आणि पुढे किती वाजता काय होणार ते सांगा. "बघू", "होईल" हे शब्द राग वाढवतात. "पाच वाजता रिपोर्ट येईल, मी स्वतः सांगेन" याने तो उतरतो. मात्र पाच वाजता खरंच जायचं, रिपोर्ट आला नसला तरी. चार-पाच जण अंगावर आले तर समजूत घालत बसू नका, दाराकडे पाठ ठेवून सुरक्षारक्षकाला बोलवा.

विदर्भातले तीन प्रसंग

सर्पदंश पावसाळ्यात वाढतो. रक्त गोठतं का हे बघण्याची वीस मिनिटांची चाचणी सोपी आहे, पण ती सारखी बिघडते. कोरडी, स्वच्छ काचेची टेस्ट ट्यूब घ्या, २ ते ३ मिली रक्त टाका, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवा, मग एकदाच तिरपी करा. रक्त वाहिलं तर ते गोठलेलं नाही. प्लास्टिकची ट्यूब किंवा साबणाने धुतलेली काच वापरली तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. मण्यार चावली तर खूण, सूज काहीच नसू शकतं. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन उठतो आणि पापण्या जड होतात. त्याला एका श्वासात आकडे मोजायला सांगा आणि दर अर्ध्या तासाने नोंदवा: २५ वरून १५ वर आला तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. सर्पविषविरोधी लसीचा पहिला डोस साधारण १० व्हायल, मुलांनाही तेवढाच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. सुरू करण्याआधी अ‍ॅड्रिनलिन रिअॅक्शन आली तर हाताशी असावं म्हणून भरून उशाशी ठेवा, मोठ्यांसाठी १:१००० चं अर्धा मिली, स्नायूत द्यायला. पित्त उठणं, उलटी, घरघर दिसली की लस थांबवून डॉक्टरांना बोलवा. पायाला घट्ट दोरी बांधून आणलं असेल तर ती डॉक्टर हजर असतानाच सोडायची.

फवारणीचं विष अंगावर गेलं असेल तर कपडे आधी काढा, पिशवीत बांधा, केस आणि नखांसकट साबणाने धुवा. पातळ लॅटेक्स हातमोज्यांपेक्षा नायट्राइलचे बरे. नसतील तर दुहेरी घाला. अ‍ॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) सुरू असताना डोळ्याच्या बाहुलीपेक्षा छातीकडे लक्ष द्या: घरघर थांबली का, नाडी ८० च्या वर आहे का. रुग्ण बडबडायला लागला, अंग तापलं, पोट फुगलं, लघवी अडली, तर अ‍ॅट्रोपिन जास्त होतंय. त्याने घाम बंद होतो, त्यामुळे मे महिन्यात अशा रुग्णाचा ताप झपाट्याने चढतो.

उष्माघातात शरीर १०४ फॅरनहाइटच्या वर आणि माणूस असंबद्ध. काखेतलं तापमान कमी दाखवतं, गुदमार्गाचं घ्या. कपडे काढा, अंगावर साध्या पाण्याचा फवारा मारा आणि जोराचा पंखा लावा. मान, काख, जांघेत बर्फाच्या पिशव्या. आपल्या कोरड्या मे महिन्यात पाणी भराभर उडतं, कूलर चालतो त्याच कारणाने ही रीत चालते. जूनमध्ये हवा दमट झाली की बर्फावर भर द्या. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवायचं आणि १०२ च्या आसपास आलं की थांबायचं, नाहीतर माणूस गार पडतो.

स्वतःचे हात, पाठ, झोप

साबणाने हात ४० ते ६० सेकंद, हँडरबने २० ते ३०. अंगठा आणि बोटांची टोकं नेहमी सुटतात. अंगठी, बांगड्या, घड्याळ ड्यूटीवर नको. सेकंद काट्याचं घड्याळ युनिफॉर्मला अडकवा.

सुईला टोपण परत लावू नका. सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज आणि सेट लाल पिशवीत, रक्ताळलेले बोळे पिवळ्यात, काचेच्या व्हायल निळ्यात. टोचलीच, तर बोट पिळू नका, चोखू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीसाठीचं औषध शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आतच सुरू व्हायला हवं आणि २८ दिवस चालतं. भीतीपोटी लपवून ठेवलं की हा वेळ जातो. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच पूर्ण करा आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घ्या.

रुग्णाला एकटीने वर सरकवू नका. चादर खाली घालून, दोघींनी दोन बाजूंनी, गुडघे वाकवून, एका आवाजाबरोबर. दर दोन तासांनी कूस बदला, टाचा उशीने अधांतरी ठेवा. लाल झालेली जागा दाबून पांढरी होत नसेल तर ती चोळू नका, आतली त्वचा आणखी फाटते. त्या कुशीवर भार टाकणं बंद करा.

नाइटच्या आधी दुपारी दीड तास तरी झोप घ्या. पहाटे तीन ते पाच या वेळात चुका वाढतात, तेव्हा औषध भरताना दोनदा वाचा आणि चहा त्या आधीच घ्या. सलग तीन नाइट झाल्यावर सकाळी वर्धा रोडच्या गर्दीत दुचाकी चालवू नका. डोळे मिटत असतील तर चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं पडा, घरी कळवा, मग निघा.